वाइतांगीचा 'तह' लिहायचा का 'करार'?

न्यूझीलंडातल्या ऑकलंडहून एका ताईंनी विचारलंय की लेकीच्या मराठी वर्गासाठी ६ फेब्रुवारीच्या वाइतांगी डेवर मराठीतून तक्ता करायचाय, तर १८४० साली इंग्रजांच्या राणीत आणि तिथल्या मूळच्या माओरी सरदारांत झालेल्या 'ट्रीटी'ला काय लिहू? नवरा म्हणतो करार, सासूबाई म्हणतात तह, हिंदी वेबसाइटवर संधि दिसतंय. शिवाय दुसऱ्या कलमात 'टाओंगा' म्हणून शब्द आहे त्याला 'खजिना' चालेल का?

सासूबाई बरोबर आहेत. का ते सांगतो, जरा लांबेल.

'संधी' आधीच बाद करा. संस्कृतात संधिविग्रह वगैरे ठीक, पण आज मराठीत संधी म्हणजे चान्स, 'वाइतांगीची संधी' वाचून लोकांना वाटेल तिकडं भरती निघालीय. (आणि ताई, उच्चार लिहिताना 'वाइतांगी'च लिहा, एका ठिकाणी 'वाईटांगी' छापलेलं पाहिलंय, बघवत नाही.)

'करार' चूक नाही. पेपरात शिमला करार, सिंधू पाणीवाटप करार रोज असतात. पण करार कुणाचाही कुणाशीही होतो, घरमालकाचा भाडेकरूशी, कारखान्याचा मुकादमाशी. तह तसा होत नाही. पुरंदरचा तह, सालबाईचा तह, वसईचा तह, दोन्हीकडं सत्ता असते. राजा रयतेशी तह करत नाही, रयतेला तो कौल देतो, सनद देतो, इनाम देतो. म्हणजे 'तह' लिहिलं की समोरचाही सत्ताधीश होता हे आपण आपोआप कबूल करतो, आणि न्यूझीलंडात १८४० पासून भांडण नेमकं यावरच चाललंय.

कुणी म्हणेल तह लढाईनंतर होतो, इथं तर आधी इंग्रज-माओरी युद्ध झालंच नव्हतं. बरोबर, मोठ्या लढाया आणि जमीनजप्ती १८६० च्या दशकात, म्हणजे सह्या झाल्यावर. पण १८०२ साली वसईला दुसरा बाजीराव आणि इंग्रज तरी कुठं एकमेकांशी लढत होते? होळकरांनी पुण्याजवळ हरवलं म्हणून बाजीराव इंग्रजांकडं गेला, तरी आपण तहच म्हणतो ना.

आता घडलं काय ते बघा. जानेवारी १८४० च्या शेवटी इंग्रज सरकारनं पाठवलेला कॅप्टन हॉब्सन बे ऑफ आयलंड्सला उतरला, तिथला इंग्रज रेसिडेंट जेम्स बझबी याच्याबरोबर इंग्रजी मसुदा केला आणि ४ फेब्रुवारीला मिशनरी हेन्री विल्यम्सच्या हातात दिला. विल्यम्स आणि त्याच्या पोरानं एका रात्रीत त्याचं माओरी केलं. ५ तारखेला बझबीच्या घरासमोर तंबूत दिवसभर वाद, बरेच सरदार उघड विरोधात बोलले. ६ तारखेला सह्या सुरू झाल्या, त्या दिवशी चाळीसच्या आसपास, मग कागद गावोगाव फिरवून पाचशेच्या वर. काहींनी सहीच्या जागी आपल्या चेहऱ्यावरच्या गोंदणातली म्हणजे मोकोतली रेघ काढली, आपल्या जुन्या कागदांवर पाटलाच्या नावापुढं 'निशाणी नांगर' असायचं तसंच ते. इंग्रजी प्रतीवर सह्या फक्त ३९, बाकी सगळ्या माओरी प्रतींवर.

हेच महत्त्वाचं, कारण दोन प्रती एक बोलत नाहीत. इंग्रजीत पहिल्या कलमात सरदारांनी राणीला सार्वभौमत्व दिलं, माओरीत तिथं शब्द आहे 'कावानातांगा'. कावाना म्हणजे गव्हर्नर, इंग्रजी शब्दच माओरी तोंडात बसवलेला, आणि तांगा हा प्रत्यय आपल्या '-की' सारखा. पाटीलकी, सरदारकी, तशी गव्हर्नरकी. सरदारांनी दिली ती गव्हर्नरकी. आणि दुसऱ्या कलमात इंग्रजी म्हणतं जमिनी, जंगलं, मासेमारी यांचा ताबा तुमच्याकडं राहील, तर माओरी म्हणतं 'टिनो रांगातिरातांगा', रांगातिरा म्हणजे सरदार, टिनो म्हणजे पुरेपूर, म्हणजे अस्सल सरदारकी तुमचीच. आता मला सांगा, गव्हर्नरकी दिली आणि सरदारकी पुरेपूर ठेवली तर माणूस काय समजेल? गोऱ्यांचा कुणीतरी गोऱ्या लोकांना आवरायला येतोय, आपलं आपल्याकडं. बरं, योग्य शब्द माहीत नव्हता असंही नाही, १८३५ साली बझबीच्याच पुढाकारानं सरदारांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला होता, त्यात मोठ्या सत्तेसाठी 'किंगितांगा' आणि 'माना' हे शब्द आहेत. विल्यम्सच्या मनात काय होतं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत पण मला स्वतःला ते 'माना' गाळणं फार सोयीचं वाटतं, आपलं माना सोडा म्हटलं असतं तर कुणी सही केली असती?

आपल्याकडं म्हणतात लढाईत जिंकले आणि तहात हरले. इथं विचारावं लागतं, कुठल्या तहात, इंग्रजीतल्या का माओरीतल्या?

पुढं तर तह हा तहच नाही असं ठरवण्यापर्यंत मजल गेली. १८७७ साली वी पाराटा विरुद्ध वेलिंग्टनचे बिशप या खटल्यात चीफ जस्टिस प्रेंडरगास्ट म्हणाले की हा कागद शून्य किमतीचा, कारण माओरींकडं राज्यव्यवस्था अशी नव्हतीच, मग तह करणार कोण? अमेरिकेनं हेच कोर्टाऐवजी कायद्यानं केलं, आधी मूळच्या जमातींशी शेकडो तह केले आणि १८७१ मध्ये काँग्रेसनं ठरवलं की इथून पुढं कुठल्याही जमातीला तह करण्याजोगं स्वतंत्र राष्ट्र मानायचं नाही. गरज होती तोवर राष्ट्र, गरज संपली तशी जमात. (आपल्या शेजारी डांगात इंग्रजांनी १८४२ ला भिल्ल राजांकडून सागाची जंगलं घेतली, पण तो पट्टा होता, तह नव्हे, तिथं हा शब्द लावू नका.)

वाइतांगीचा मूळ कागद तर पुढं उंदरांनीही कुरतडला, ओलीनं खराब झाला, १९०८ साली सापडला तेव्हा कडा गेल्या होत्या. त्याला परत जीव आला तो १९७५ नंतर, माओरी नेत्या व्हिना कूपर यांचा जमिनीसाठीचा लाँग मार्च आणि तहभंगाच्या तक्रारी ऐकणारं वाइतांगी ट्रायब्युनल एकाच वर्षातले. १९८५ पासून ट्रायब्युनलला थेट १८४० पर्यंतच्या तक्रारी घेता यायला लागल्या, आणि २०१४ ला त्यांनी स्वच्छ सांगितलं की फेब्रुवारी १८४० मध्ये सह्या करणाऱ्या सरदारांनी सार्वभौमत्व सोडलंच नव्हतं. सरकारला हे मान्य नाही, तो वाद चालूच आहे. तहाची तत्त्वं कायद्यानं नव्यानं ठरवायचं बिल आलं होतं तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये वेलिंग्टनला केवढा मोर्चा निघाला ते तुम्ही तिथंच बघितलं असेल, एप्रिल २०२५ मध्ये ते ११२ विरुद्ध ११ नं पडलं.

तेव्हा 'वाइतांगीचा तह, १८४०' असं ठोकून लिहा. नवऱ्याला 'करार' फारच प्रिय असेल तर १९९५ चा वायकाटो-ताइनुइ आणि १९९८ चा न्गाई ताहू, म्हणजे सरकारनं या माओरी जमातींना जुन्या अन्यायाची भरपाई देऊन केलेले समझोते, त्यांना लावू दे, तिथं तो फिट्ट बसतो.

राहिला 'टाओंगा'. खजिना नको, खजिना म्हटलं की मोहरांचे हंडे दिसतात. 'ठेवा' लिहा, वाडवडिलांचा ठेवा म्हणतो तो. यात नुसती वस्तू नाही, जपून पुढं द्यायचं जे जे काही ते सगळं येतं, म्हणून तर ट्रायब्युनलपुढं दावा गेला की आमची भाषाही टाओंगा आहे, तिचं रक्षण तहानंच कबूल केलंय. १९८६ ला ट्रायब्युनलनं ते मानलं आणि १९८७ ला माओरी अधिकृत भाषा झाली. तक्त्यावर दुसऱ्या कलमाखाली जमीन, जंगल, मासे काढणारच असाल तर शेजारी एक बोलणारं तोंडही काढा, आणि वर 'ठेवा' लिहा.