'वॉकर' या इंग्रजी आडनावाचा चालण्याशी संबंध आहे का?

आहे, पण हे चालणं रस्त्यावरचं नव्हे, लोकरीच्या कापडावरचं. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मागावरून उतरलेलं लोकरी कापड कुंडात भिजवून पायांनी तुडवत. त्याने तेलकटपणा निघे आणि वीण घट्ट बसे. पाण्यात बरेचदा शिळं मूत्र असे, किंवा आपल्या मुलतानी मातीच्या जातीची एक माती. हे काम करणारा तो वॉकर. आडनावांच्या कोशांत हीच व्युत्पत्ती सापडते. बाराव्या शतकापासून पाणचक्कीवरचे हातोडे हे काम करू लागले, तरी नाव टिकलं.

गंमत म्हणजे याच धंद्याची इंग्लंडमध्ये प्रदेशागणिक तीन आडनावं झाली:
- वॉकर: उत्तर व मध्य भाग, शिवाय स्कॉटलंड
- फुलर: आग्नेय भाग
- टकर: नैर्ऋत्य, विशेषतः डेव्हन

आज ब्रिटनमध्ये वॉकर अगदी सर्रास आढळतं. अमेरिकेत 2010 च्या जनगणनेत 5 लाखांहून जास्त वॉकर होते, त्यांत कृष्णवर्णीयांचा वाटा मोठा. 'जॉनी वॉकर' व्हिस्कीच्या बाटलीवरचा तो ऐटीत चालणारा माणूस मात्र 1908 मधल्या जाहिरातीची करामत आहे, त्यावरून मूळ शोधू नका.

एक लक्षात ठेवा: धंद्यावरून पडलेलं हे आडनाव गावोगावी स्वतंत्रपणे रुजलं. त्यामुळे दोन वॉकर एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही.