पाच वाजताची भूक

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

प्रॅक्टिकल संपल्यावर संध्याकाळी काय खाऊ, आणि रूममधल्या मुली आणतात ती 'डायजेस्टिव्ह' बिस्किटं बरी का, असं तू विचारलंस. बरं केलंस. मेसचं जेवण साडेबाराला आणि रात्रीचं साडेआठला, म्हणजे मधे आठ तास जातात. तुझ्या वयात एवढ्या वेळात भूक लागणारच. ती मारू नकोस आणि चहा-बिस्किटावर भागवूही नकोस. पण पाच वाजता काय खायचं ते पाच वाजता ठरवायचं नाही, हे माझं पक्कं म्हणणं आहे. पोटात कावळे ओरडायला लागले की माणूस समोर दिसेल ते खातो, आणि सांगलीच्या विश्रामबागेत कॉलेज सुटताना समोर कसले गाडे असतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. सकाळी सॅकमध्ये वह्या भरतेस तेव्हाच छोटा डबाही भर.

त्या डब्यासाठी माझी पहिली पसंती फुटाण्यांना, तेही सालासकट आणि बिनमिठाचे. डाळवं चिवड्यात छान लागतं, पण साल गेली की चोथा गेला, आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहतं ते चोथ्यामुळे नि प्रथिनांमुळे. 100 ग्रॅम फुटाण्यांत साधारण 20 ग्रॅम प्रथिनं असतात. शेंगदाण्यांत 25च्या आसपास, पण त्यात निम्म्याच्या जवळपास तेलही असतं, म्हणून दोन भाग फुटाणे आणि एक भाग भाजलेले शेंगदाणे असं कालव. मूठ-दीड मूठ पुरे. गणपती पेठेत सुटे घेणार असशील तर आधी एक दाणा चिमटीत दाबून बघ. ताजा असेल तर साल आपसूक सुटते आणि दाणा कटकन दोन डाळी होतो. दबून चिवट लागला तर हवा लागलेली आहे, तो घेऊ नकोस.

आता भडंग. सांगलीत राहून भडंग खाऊ नको असं मी कुठल्या तोंडानं सांगू? लसणाची ती खमंग फोडणी मलाही आवडते. फक्त एवढं ध्यानात ठेव की चुरमुरे म्हणजे फुलवलेला तांदूळ. प्रथिनं थोडी, चोथा त्याहून थोडा, आणि वरून तेल-मीठ. गप्पा मारताना पुडा कधी संपला कळत नाही आणि तासाभरात पुन्हा भूक. म्हणून पुडा तोंडाला लावायचा नाही. वाटीत अर्धी वाटी भडंग घे, त्यात मूठभर फुटाणे, बारीक कांदा, टोमॅटो, कोथिंबीर घाल, लिंबू पिळ आणि लगेच खा. पाच मिनिटांत मऊ पडतं.

बेदाणा आपल्या जिल्ह्याचाच. तासगावच्या सौद्यांत तो पोत्यांनी येतो, म्हणून घरोघरी मुठीनं खाल्ला जातो. पण एक किलो बेदाण्याला साधारण चार किलो द्राक्षं लागतात. पाणी उडून जातं, साखर मागे राहते. दहा-बारा दाणे शेंगदाण्यांबरोबर घे, मूठ भरू नकोस. पिवळाधमक रंग टिकावा म्हणून पुष्कळ बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तेव्हा धुऊन खा. आणि तो दातांना चिकटतो, वरून चूळ भर.

बिस्किटांचं विचारलंस. पुढचं नाव वाचू नकोस, पाकीट उलटं कर. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायची असा नियम आहे, म्हणजे सगळ्यात जास्त जे घातलंय ते सगळ्यात आधी. 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' म्हणजे मैदाच. तो पहिला आणि पाठोपाठ साखर नि पामतेल असेल, तर ते गोड बिस्किट आहे, मग पुढे गव्हाच्या ओंब्यांचं कितीही सुंदर चित्र असो. इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज ही सगळी साखरेचीच भावंडं. आकडे 100 ग्रॅमचे आहेत की दोन बिस्किटांचे, हेही बघ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत हवी, 25च्या आत राहिली तर अधिक चांगलं. मेसच्या दोन गोड चहांत त्यातली किती गेली ते तूच मोज. मीठ 5 ग्रॅमच्या आत. पाकिटावर ते सोडियम म्हणून लिहितात, त्याला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं.

गुळाबद्दलही स्पष्ट सांगते, कारण आपल्याकडे त्याचं फार कौतुक. चिक्की जरूर खा, त्यात शेंगदाणे आहेत. पण गुळाची म्हणून हवी तेवढी चालते असं नाही. शरीर गुळालाही साखरच समजतं. राजगिऱ्याच्या लाडवालाही तेच लागू.

फळ मात्र रोज एक हवंच. केळं बारमाही, थंडीत पेरू, आटपाडीकडचं डाळिंब परवडेल तेव्हा. ज्यूस नको, फळच चावून खा. पेरूबद्दल मी जरा आग्रही आहे, त्याला कारण आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. हरभरा-मटकीत लोह असतं, पण ते अंगी लागायला 'क' जीवनसत्त्व मदत करतं, आणि चहा आडवा येतो. म्हणून फुटाण्यांबरोबर पेरूच्या फोडी किंवा लिंबू घे आणि चहा तासाभरानं पी. सारखी दमत असशील, जिना चढताना धाप लागत असेल तर नुसतं खाण्यावर भिस्त ठेवू नकोस, रक्त तपासून घे.

मैत्रिणींबरोबर मिसळ, वडापाव खायला बिनधास्त जा. रोज नको, एवढंच.

सुट्टीत घरी गेलीस की आईकडून मोड आलेली मटकी घेऊन ये. कच्ची खाऊ नकोस, मोडांच्या दमट उबेत जंतूही वाढतात. मेसच्या मावशींना सांगून वाफवून घे. आणि पावसाळ्यात शेंगदाणे आठवडाभराला पुरतील एवढेच आण, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेव. काळपट, सुरकुतलेला किंवा बुरशी धरलेला दाणा दिसला तर निवडून टाक, आणि खाताना एखादा कडू लागला तर गिळू नकोस, थुंकून टाक.

तुझ्या बाई