व्हिमची जुनी नोट: काय खोडायचं, काय ठेवायचं

प्रश्न: आमच्या टीमकडे व्हिम एडिटरच्या डिस्प्ले सेटिंग्जची एक नोट आहे, बहुतेक व्हिमच्या ७.३ व्हर्जनच्या काळात कुणीतरी लिहिलेली, आणि ती अपडेट करायचं काम आता माझ्या गळ्यात पडलंय. त्यात म्हटलंय की नंबर (ओळींचे क्रमांक) आणि रिलेटिव्हनंबर (कर्सरच्या ओळीपासून इतर ओळींचं अंतर) यातलं एकावेळी एकच चालू राहतं, माझ्याकडे तर दोन्ही चालतात. रूलरबद्दल, म्हणजे खाली कर्सरची जागा दाखवणाऱ्या आकड्यांबद्दल, 'कितव्या अक्षरावर आहात ते दाखवतो' असं आहे, मराठी फाइलमध्ये तेही जुळत नाही. अख्खी नोट नव्याने लिहू का?

उत्तर: अख्खी नको हो, उगाच व्याप. पहिल्या मुद्द्यात लिहिणारा चुकला नव्हता, २०१० च्या ७.३ मध्ये एक चालू केलं की दुसरं बंदच व्हायचं. २०१३ ला ७.४ आलं आणि दोन्ही सोबत चालायला लागले, म्हणजे कर्सरच्या ओळीला खरा नंबर आणि वरखालच्या ओळींना तिथून अंतर. त्यामुळे ती ओळ खोडू नका, पुढे 'हे ७.३ पर्यंत, ७.४ पासून दोन्ही चालतात' एवढं जोडा, एखाद्या जुन्या सर्व्हरवर अजून तेच व्हिम असलं तर कुणी अडायला नको. आणि समजावायला पॅराग्राफ नको. व्हिमच्या हेल्पमध्ये नंबरखाली ॲपल, पेअर वगैरे चार शब्दांच्या चार ओळी घेऊन चारही कॉम्बिनेशन शेजारीशेजारी दाखवलीत, एका नजरेत कळतं, तसंच करा.

रूलरचं मात्र खरंच चुकलंय. रिकाम्या फाइलमध्ये 'मराठी' टाईप करा आणि कर्सर 'ठी'वर न्या, खाली १,१०-३ दिसेल. पहिला १ ओळीचा, १० म्हणजे बाइट आणि ३ म्हणजे स्क्रीनवरचा कॉलम. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, काना-वेलांटी धरून, म्हणून 'म'चे तीन, 'रा'चे सहा आणि 'ठ' दहाव्या बाइटला सुरू. साध्या इंग्रजी मजकुरात दोन्ही आकडे सारखेच, मग एकच दिसतो. लिहिणाऱ्याने मराठी फाइल उघडूनच पाहिली नसणार! हे उदाहरण जसंच्या तसं नोटमध्ये टाका.

तपासताना स्वतःच्या व्हिमवर भरवसा ठेवू नका हां, आपल्या व्हिमआरसीत (स्वतःच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) काय काय कोंबलंय ते आपल्यालाच आठवत नसतं. डॅश डॅश क्लीन (--clean) देऊन, म्हणजे स्वतःच्या सेटिंग्जशिवाय, उघडा आणि मग बघा. तरी शंका आली तर नेहमीच्या व्हिममध्ये व्हर्बोज सेट (:verbose set), पुढे ऑप्शनचं नाव आणि प्रश्नचिन्ह अशी कमांड द्या, कुठल्या फाइलने ते बदललं ते सांगतं.

आणि एक, व्हिमच्या हेल्प फाइलच्या पहिल्या ओळीतच व्हर्जन आणि शेवटच्या बदलाची तारीख असते. तुमच्या नोटवर तेवढं असतं ना, तर 'बहुतेक ७.३' म्हणायची वेळच आली नसती.