तिघांचे व्यवसाय आणि छंद ओळखायचं कोडं पटकन कसं सोडवायचं?

कोडं असं आहे: मीना, गणेश आणि सलीम यांच्यात एक शिक्षक, एक वकील, एक डॉक्टर. छंद बुद्धिबळ, पोहणं आणि बासरी. वकिलाचा छंद पोहणं. मीना बासरी वाजवते, पण ती डॉक्टर नाही. गणेश पोहत नाही.

नावांपासून सुरुवात करू नका, ‘वकील म्हणजे पोहणं’ ही जोडी आधी पकडा. ती उलटीही चालते: जो पोहत नाही, तो वकील नाही. मीनाचा छंद बासरी, म्हणजे वकिली बाद. डॉक्टरकी आधीच बाद. उरली शिक्षकी. गणेशही वकील नाही आणि शिक्षकाची जागा भरलेली, म्हणून तो डॉक्टर, छंद बुद्धिबळ. सलीम वकील, पोहणारा. संपलं!

इथे एकूण 36 शक्यता आहेत, त्यामुळे तोंडी जमतं. चार जण झाले की 576 होतात. मग मुकाट्याने तक्ते आखा: डावीकडे नावं, वर एका तक्त्यात व्यवसाय, दुसऱ्यात छंद. एका चौकटीत बरोबरची खूण केली की त्याच आडव्या-उभ्या ओळीत लगेच फुल्या मारा. बँकेच्या परीक्षांत घाईत नेमकं हेच राहून जातं. आणि एखाद्या कोड्यात नर्स असेल, पण ‘परिचारिका’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर नर्स म्हणजे बाईच असं धरून चालू नका.