२००२ साली वॉशिंग्टनला वेठीस धरणारा स्नायपर खरंच इतका निष्णात होता का?

नेमबाजीपुरतं विचाराल तर मुळीच नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये तीन आठवड्यांत दहा माणसं मारली गेली, तीन जखमी झाली, त्यामुळे हा कोणी कसलेला कमांडो असणार असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. पण अंतर बघा ना. बहुतेक गोळ्या ५० ते १०० यार्डांवरून झाडलेल्या. हा स्नायपर, जॉन ॲलन मुहम्मद, माजी सैनिक होता, एम-१६ रायफलच्या नेमबाजीचा 'एक्सपर्ट' बिल्लाही त्याला मिळाला होता. मात्र त्याच लष्करात साध्या शिपायाच्या चाचणीतही ३०० मीटरवरचं लक्ष्य असतं. मी एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवलीय, तेवढ्यावरूनही सांगतो, समोरचा माणूस पेट्रोल भरत एका जागी उभा असेल तर या अंतरावरून मारण्यात कौशल्य कसलं? आणि त्यातही २ ऑक्टोबरची पहिली गोळी एका दुकानाची काच फोडून गेली, कोणालाच लागली नाही.

डोकं चाललं होतं ते गाडीत. १९९० ची शेवरले कॅप्रिस, पूर्वी पोलिसांचीच. मागची सीट उचलली की आतूनच डिकीत शिरता यायचं, आणि डिकीला नंबर प्लेटच्या वर एक भोक. बंदूकधारी कोणाला दिसायचाच नाही. काम झालं की शांतपणे हायवेला लागायचं. पोलीस मात्र भलत्याच एका पांढऱ्या व्हॅनच्या मागे! ८ ऑक्टोबरला बाल्टिमोरमध्ये एका पोलिसाने मुहम्मदला याच गाडीत झोपलेला पाहिला, चौकशी केली आणि सोडून दिलं. हे मी त्याच्या नियोजनात धरत नाही, ते निव्वळ नशीब.

बाकी नियोजनाच्या नावाने आनंदच होता. चोरीच्या क्रेडिट कार्डाच्या खात्यात एक कोटी डॉलर भरा, अशी पोलिसांना चिठ्ठी! असे पैसे काढणार कसे, देव जाणे. वर आपण किती पोचलेले आहोत हे पटवायला अलाबामातल्या माँटगोमरीच्या दारूच्या दुकानावरचा हल्लाही फोनवर स्वतःच सांगून टाकला. तिथे एका मासिकावर बोटाचा ठसा मिळालेलाच होता. तो निघाला त्याच्या १७ वर्षांच्या साथीदाराचा, ली बॉइड माल्व्होचा. त्याच्यावरून मुहम्मद, मुहम्मदवरून गाडीचा नंबर. २३ तारखेच्या रात्री नंबर बातम्यांत आला आणि २४ च्या पहाटे मेरीलँडमध्ये हायवेलगतच्या विश्रांतीथांब्यावर दोघं त्याच गाडीत गाढ झोपलेले सापडले. रायफलही गाडीतच होती.