खाणींच्या महसुलातला वाटा मिळाल्याने स्थानिक कारभार अधिक जबाबदार होतो का?

माझी नोकरी मुंबईत, मुलुंडच्या जकात नाक्यावर, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर महापालिकेचा कर घेणाऱ्या नाक्यावर झाली, त्यामुळे या प्रश्नावर गप्प बसवत नाही. माझे उत्तर नकारार्थी आहे. वरून आलेल्या पैशाचा हिशेब वरच्यांनाच दिला जातो.

माझी सासुरवाडी चंद्रपूर जिल्ह्यातील खाणींच्या भागात आहे. २०१५ च्या खाण कायद्यातील दुरुस्तीने आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानात, म्हणजे खाणींची झळ बसलेल्या भागासाठीच्या निधीत, जुन्या खाणपट्ट्यांच्या (खाणकामाच्या करारांच्या) रॉयल्टीच्या, म्हणजे खनिजापोटी सरकारला द्यायच्या रकमेच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांच्या रॉयल्टीच्या १० टक्के इतकी रक्कम जमा होते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तिथल्या ग्रामसभेत मी मेव्हण्याशेजारी बसलो असता या निधीतील सभामंडपाचा ठराव चहा येण्याआधीच मंजूर झाला. पिण्याच्या पाण्याचे काय, असे एका आजोबांनी विचारले, तेव्हा मंजुरी जिल्ह्यातून येते, एवढे सांगून सरपंच मोकळे झाले. त्यानंतर घरपट्टी थोडी वाढवण्याचा विषय निघाला आणि त्याच सभेने दिवाबत्तीच्या बिलापासून शिपायाच्या पगारापर्यंत सगळे उकरून काढले. निधी अपुरा असल्यामुळे गावाला त्यात रस नाही, असे मेव्हणा आजही म्हणतो. मग त्याहून कितीतरी लहान घरपट्टीवर एवढे रण का माजले, याचे उत्तर त्याने दिलेले नाही.

मुंबईतही हेच झाले. जकातीची वसुली घटली की महापालिकेच्या स्थायी समितीत नगरसेवकांपुढे अधिकाऱ्यांना जाब द्यावा लागे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर जकात गेली आणि राज्याकडून दरमहा भरपाई सुरू झाली, पहिला हप्ता सुमारे ६४७ कोटींचा होता. ठरलेली रक्कम येणारच असेल, तर विचारायचे कोणी आणि कोणाला? २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता करही माफ झाला, आणि त्याच वर्षीच्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षे विचारायला नगरसेवकही नव्हते.

नाक्यावर सगळे धुतल्या तांदळासारखे होते, असा माझा दावा नाही. शिवाय ज्यांच्या विहिरी खाणीने आटवल्या, त्यांना केवळ घरपट्टीवर जगा असे सांगता येणार नाही. तो वाटा त्यांच्या हक्काचाच आहे. मात्र तुम्ही खाणींच्या भागातले असाल, तर वाटा वाढवून मागण्याआधी झालेल्या कामाचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका (प्रत्यक्ष काम किती झाले याची नोंदवही) माहिती अधिकारात मागवून ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. मेव्हण्याला मी हेच सांगितले होते. त्याने अजून अर्ज केलेला नाही.