माउंट हागेनला यायच्या आधी, एका पायलटच्या बायकोकडून

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. नवऱ्याकडे कमर्शियल लायसन आहे, मिशनच्या विमानसेवेकडून पापुआ न्यू गिनीसाठी विचारणा आलीय, मुलगी नऊची, मुलगा पाचचा, सासूबाई म्हणतात तिकडे माणसं खातात, आणि हो म्हणावं की नाही ते तुम्हाला कळत नाहीये. आम्ही नगरचे, जानेवारी २०२५ मध्ये इथे माउंट हागेनला आलो, वर्ष होऊन गेलं, माझी मुलंही तुमच्या मुलांच्याच आसपासची. म्हणून जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी सासूबाईंचं. त्यांना सांगा माणसं नाही, रताळी खातात. सकाळी रताळं, रात्री रताळं, इथे त्याला काउकाउ म्हणतात, पांढरं लाल जांभळं सगळ्या रंगाचं मिळतं. पहिल्या महिन्यात मला तर रोजच एकादशी आहे असं वाटायचं, कीस करून झाला, काप करून झाले, शेवटी भाकरीच्या पिठात उकडून घालायला लागले. बाजार मात्र मस्त, कोबी गाजर ब्रोकोली बटाटे सगळं ताजं, कारण हागेन उंचावर आहे, महाबळेश्वरपेक्षाही उंच, वर्षभर रात्री स्वेटर लागतो. आणि मुमू नावाचा प्रकार आहे, खड्ड्यात तापलेले दगड, त्यावर केळीची पानं, त्यात डुकराचं मटण आणि काउकाउ घालून वरून झाकून टाकतात. माझा नवरा मूळचा अलिबागकडचा, पहिल्यांदा खाल्लं तेव्हा म्हणाला ही तर पोपटीच की गं, फक्त मडकं नाही.

आता विमानाचं. तुमच्या नवऱ्याला तांत्रिक सगळं तिकडून कळेलच, मी घरातून दिसतं तेवढं सांगते. या देशात आठशेच्या वर भाषा आहेत आणि राजधानी पोर्ट मोर्स्बीहून इकडे डोंगरात यायला रस्ताच नाही. हागेनहून खाली लाए बंदरापर्यंत हायलँड्स हायवे आहे तोही दरडींनी बंद पडत असतो. आतल्या गावांना तर काहीच नाही, गवताची एक पट्टी, संपलं. तेलेफोमिन नावाच्या गावाला हागेनहून विमानाने तासभर लागतो, रस्ता नाहीच, बाकी पायपीट. म्हणून इथे मिशनचं विमान म्हणजे आपली लालपरी समजा. एमएएफ (मिशन एव्हिएशन फेलोशिप) नावाची संस्था इथे १९५१ पासून उडतेय, दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या वैमानिकांनी १९४५ मध्ये ती सुरू केली आणि तिचं पहिलं उड्डाण १९४६ मध्ये बेटी ग्रीन नावाच्या बाईने केलं होतं (मुलीला सांगा हे, माझीने तर भिंतीवर लिहून ठेवलंय). आम्ही कुठल्या संस्थेबरोबर आहोत ते इथे लिहीत नाही, पुढे काही तक्रारी पण लिहिणार आहे ना.

विमान सेस्ना कॅरॅव्हॅन, एकच इंजिन. जाताना मीठ, साबण, पत्रे, शाळेची वह्या-पुस्तकं, लसींचे डबे, एकदा तर एका दिवसाच्या कोंबड्यांची पिल्लं, पूर्ण वेळ चिवचिव. येताना कॉफीची पोती, शिक्षक, पेशंट. सामानाबरोबर माणसाचंही वजन करतात, काट्यावर उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर आकडा सांगायचा. मी एकदा बरोबर गेले होते तेव्हा एक म्हातारी डोक्याला अडकवलेल्या बिलुमसकट, म्हणजे दोऱ्याची विणलेली पिशवी, काट्यावर चढली आणि उतरेचना, कारण पिशवी काढली तर कुणीतरी नेईल. शेवटी तिचं नि काउकाउचं वजन एकत्रच लिहिलं. पट्ट्या बऱ्याच ठिकाणी उतरत्या असतात, चढाच्या बाजूने उतरायचं आणि उताराने उडायचं, पुढे डोंगर, त्यामुळे एका ठराविक जागेनंतर परत वर जायची सोय नसते. म्हणून नवीन पायलटला एकट्याला सोडत नाहीत, प्रत्येक पट्टी आधी सिनियरबरोबर करायची मगच एकट्याने, आमच्या ह्यांचे पहिले पाच महिने असेच गेले. नुसत्या दोनशे तासांच्या लायसनवर लगेच डोंगरात पाठवतील असं धरून चालू नका, इथल्या सिव्हिल एव्हिएशनच्या परीक्षा वेगळ्या असतात, आणि त्याआधी कुठेतरी ट्रेनिंग, एमएएफचं केंद्र ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये मरीबाला आहे.

आता जे सांगायला मी एवढं लिहायला बसले ते. तुमच्या मेसेजमध्ये नवऱ्याचं काम, नवऱ्याचं लायसन, मुलांची शाळा सगळं होतं, तुमचं स्वतःचं काहीच नव्हतं. मीही तशीच आले. मी बी.कॉम., नगरला अकरा वर्षं अकाउंट्सचं काम केलेलं, आणि इथे आल्यावर व्हिसावर डिपेंडंट म्हणजे पगाराचं काम बंद. पहिले चार महिने मी काय केलं तर पहाटे साडेचारला उठून डबा, मग सहाला गाडी गेली की वाट बघणं. सकाळी दरीत धुकं, ते उठलं की उडायचं, दुपारी ढग भरून यायच्या आत परत यायचं. दोन वाजले की मी दर पाच मिनिटांनी आकाशाकडे बघायचे. मुलं विचारायची आई काय बघतेस, मी म्हणायचे कपडे वाळत घालायचेत.

जूनमध्ये एकदा हे परतलेच नाहीत. एका बाईची वार पडली नव्हती, बाळंत होऊन दोन दिवस झालेले, गावकऱ्यांनी झोळीत घालून डोंगरावरून पट्टीपर्यंत आणलेली, हे तिला घ्यायला गेले आणि मागून ढग बंद. रेडिओवर एवढंच आलं, सुखरूप आहे, रात्री इथेच राहतोय. मला निरोप द्यायला बेसवरची मुलगी आली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते, म्हणजे तीन तास मला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण सांगायचं काम कुणाचं आहे तेच ठरलेलं नव्हतं. मी त्या रात्री अजिबात झोपले नाही, सकाळी सव्वासातला विमानाचा आवाज आला तेव्हा अंगणात अनवाणी उभी होते. बाईला इथून रुग्णवाहिकेने कुडजिपला नेलं, रस्त्याने तासाभरावर नाझरीन मिशनचं हॉस्पिटल आहे, चांगलं आहे, ती वाचली. सगळ्या वाचत नाहीत. कधी कधी परतीच्या फेरीत शवपेटी असते, त्या संध्याकाळी हे जेवताना बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मी बेसच्या मॅनेजरकडे गेले आणि सांगितलं मला रेडिओ रूममध्ये बसू द्या, पगार नको. आता आठवड्याला तीन सकाळी मीच बसते, कोण कुठे उतरलं, कोण निघालं, किती वाजता, बोर्डावर लिहायचं, आणि उशीर झाला तर घरी कळवायचं, ते मी नियमात घालून घेतलं. बाकीचे दोन दिवस हिशेब बघते, तोही बिनपगारीच. भीती गेली असं नाही पण आता मला माहीत असतं मी कशाची भीती बाळगतेय. तर ताई, सही करायच्या आधी संस्थेला ई-मेल करा की माझं काम काय, आणि लेखी उत्तर मागा. ‘कुटुंबाला आधार देणे’ असं उत्तर आलं तर परत विचारा.

पैशांचं थोडक्यात. पगार नसतो बऱ्याच मिशनमध्ये, आपणच मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, आणि ओळखीच्यांकडून महिन्याची देणगी जमवायची. आम्हाला एका मंडळीने दरमहा मोठी रक्कम कबूल केली होती, वेदीपुढे उभं करून प्रार्थना केली, फोटो काढले, आणि चौथ्या महिन्यात पैसे बंद, फोनही उचलेनात. त्यामुळे कबूल झालेल्या रकमेच्या तीन-चतुर्थांशच येतील असं धरून बजेट करा. भारतातल्या ट्रस्टला पैसे देशाबाहेर खर्च करायला कायद्याच्या अटी असतात, आधी चांगल्या सीएला विचारा. आणि महिन्याचं पत्र पाठवावं लागतं देणगीदारांना, त्यांना त्यात विमानाचाच फोटो हवा असतो, वॉशिंग मशीन बिघडून सात आठवडे झाले याचा नको असतो. इथला एक किना म्हणजे वीस-एकवीस रुपये, आणि दुकानातलं बरंचसं बाहेरून येतं त्यामुळे अमूल-बिमूल विसरा, चीज बघून रडू येईल.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच धर्मांतर म्हणतात, नातेवाईकांत तुम्हालाही ऐकावं लागेल. इथे आधीच जवळपास सगळे ख्रिस्ती आहेत, मार्च २०२५ मध्ये तर संसदेने घटनादुरुस्ती करून देश ख्रिस्ती असल्याचं घटनेतच घातलं. त्यामुळे उपदेश करायला आपली गरज नाही, उलट रविवारी उपासना तीन तास चालते आणि पाळक आपल्यालाच चार गोष्टी ऐकवतात. सप्टेंबरच्या १६ तारखेला स्वातंत्र्याची ५० वर्षं झाली (ऑस्ट्रेलियाकडून १९७५ मध्ये सुटले), तेव्हा अख्खं हागेन लाल-काळ्या झेंड्यांत होतं, आमच्या चर्चमध्ये मला गायला लावलं, मी मराठी भजन म्हटलं, टाळ नव्हते तर पोरांनी पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला.

मुलांचं काही काळजी करू नका, मुलं सहा आठवड्यांत बोलायला लागतात. भाषा टोक पिसिन, आणि गंमत म्हणजे त्यात ‘मी’ म्हणजे मीच! मी नो सावे म्हणजे मला माहीत नाही. धाकटा आता भाजी बघून म्हणतो ‘मी नो लाइक’, आणि नगरच्या आजीला वाटतं अर्धं मराठी बोलतोय. काही मोडलं की बगरप. कुकर बगरप, लाईट बगरप, बाबांची गाडी बगरप. आणि वांतोक म्हणजे एका बोलीचा माणूस, आपल्या गाववाल्यासारखं, त्याला नाही म्हणता येत नाही, तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईचे वांतोक महिनाअखेरीला दारात दिसतील, तेव्हा समजून घ्या. शाळेला हागेनमध्ये इंटरनॅशनल स्कूल आहे, वर्ष जानेवारीअखेर ते डिसेंबर, म्हणजे आपल्या जूनशी जुळत नाही. मोठ्या वर्गांसाठी बरेच मिशनवाले उकारुम्पाच्या मिशन शाळेत पाठवतात, तिथे सोय चांगली पण मूल लांब राहतं, मला ते जमणार नाही. मराठी लिहिणं मात्र घरीच घ्यावं लागतं, मी रोज संध्याकाळी अर्धा तास घेते, रोज भांडण होतं.

सुरक्षितता. खोटं सांगत नाही, जपून राहावं लागतं. आम्ही यायच्या वर्षभर आधी, १० जानेवारी २०२४ ला, पोर्ट मोर्स्बीत पोलिसांनी पगारावरून काम थांबवलं आणि दुकानं लुटली गेली. शेजारच्या एंगा प्रांतात टोळ्यांची भांडणं चालू असतात, कधी रस्ता दोन दिवस बंद. अंधार पडल्यावर आम्ही कंपाउंडच्या बाहेर जात नाही, बाजारात फोन पर्समध्ये वरच्या कप्प्यात ठेवायचा नाही (माझा गेला). बायका इथे सैल मेरी ब्लाउज घालतात, पंजाबी ड्रेस उत्तम चालतो, लेगिंग्ज नको. पण बाजारातली कुठलीही बाई तुमच्या पोराला कडेवर घेईल आणि चोर आला तर आधी तीच ओरडेल, हेही खरं.

तब्येतीचं, हागेनला मलेरिया कमी पण खाली गरम भागात भरपूर, हे एकदा खाली रात्र राहून आले आणि नवव्या दिवशी थंडी वाजून ताप, टेस्ट पॉझिटिव्ह, तीन दिवस गोळ्या. दात, डोळे, बायकांच्या तपासण्या सगळं भारतातून करून या. विमानाने बाहेर हलवण्याचा इन्शुरन्स घ्याच, मोठं काही झालं तर ऑस्ट्रेलियातलं केर्न्स गाठावं लागतं.

सामानात हिंग, गोडा मसाला, चहाची पावडर, तूरडाळ सगळं पॅकबंद, लेबल असलेलं आणा आणि फॉर्मवर लिहा. मी मोहरी आणि अख्खे धणे आईने दिलेल्या पुडीत आणले, विमानतळावर क्वारंटाइनच्या माणसाने पुडी उघडली, वास घेतला, ‘सीड’ म्हणाला आणि डब्यात टाकली, आईने निवडून दिलेली मोहरी होती हो. पहिले तीन महिने फोडणी जिऱ्याचीच, तेही पॅकबंद होतं म्हणून वाचलं. प्लग ऑस्ट्रेलियन तिरप्या पिनांचे. घरी फोन करायचा तर इथे साडेचार तास पुढे, आपल्याकडे संध्याकाळची सात वाजली की इथे साडेअकरा, त्यामुळे सासूबाईंना दुपारची सवय लावा.

दोनदा लाईट जाऊन आली हे लिहिताना, आता तिसऱ्यांदा गेली आणि लॅपटॉप बारा टक्क्यांवर आहे. एकच राहिलं, कुकरचं गॅस्केट इथे मिळत नाही, चार आणा. पाच लिटरच्या हॉकिन्सचं असेल तर माझ्यासाठी दोन जास्त घ्या, पैसे देते.